बद्रीनाथच्या जीपचं पासिंग

“तूच उघड बोनेट, मच्छिंद्रा,” बद्रीनाथ म्हणाला आणि दोन्ही हात मागं बांधून उभा राहिला.

मच्छिंद्रनं बोनेट उघडलं. मनात म्हणाला, बघा, साहेब झाला. हात काळे करायला भावकी आणि मिरवायला हा.

जालन्याच्या आरटीओच्या मैदानात सकाळीच गाड्यांची रांग लागली होती. बद्रीनाथची जीप जुनी, पेट्रोलची. टेंभुर्णीच्या कचरू मिस्त्रीनं तिचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं. आता ते सरकारी पुस्तकात चढवायचं होतं. पूर्वी नंबर बघून सही व्हायची. आता धुराचे कडक नियम आले होते. सायलेन्सरच्या नळीला मशीन लावून धूर मोजायचे. काळा निघाला की गाडी नापास.

मच्छिंद्रला तेवढंच पाहिजे होतं.

ही जीप यायच्या आधी टेंभुर्णीत गाडी म्हणजे मच्छिंद्रची अॅम्बॅसिडर. नवरदेव तिच्यात, बाळंतीण तिच्यात, पुढारी तिच्यात. पेट्रोल ढोसून ती मालकाला खात होती, पण मान होता. चुलतभावाची डिझेल जीप आली आणि अर्ध्या खर्चात अख्खं गाव तिच्यात बसायला लागलं. अॅम्बॅसिडरच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या. खुद्द मच्छिंद्रची बायको चतुराबाई माहेरी गेली ती जीपमध्ये. आल्यावर म्हणाली, “काय झोकात चालते हो!” त्या दिवसापासून जीपचा हॉर्न वाजला की मच्छिंद्रच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

वर गेल्या महिन्यात बद्रीनाथनं जावयाला धोंड्याचं जेवण घातलं. अधिकमास, जावई, पुरणाचे धोंडे, सगळं झालं. आणि चुलतभावाला साधं बोलावणं नाही. घराला घर लागून. वास तेवढा आला.

आणि आज हाच बद्रीनाथ सकाळी दारात उभा. म्हणे, “चल जालन्याला. गाडीतलं तुझ्याइतकं कोणाला कळतं?”

आता तो इंजिनावर वाकला. हात मागंच.

“हे बघ, ह्यो डिझेलचा पंप. कचरू म्हणला, ह्यो स्क्रू आत गेला की डिझेल जास्ती, मंग धूरच धूर. त्यानं बराबर सेट करून देल्ला हाय. कोणाचा हात लागू देऊ नको.”

“कोण लावून राह्यलं, बद्रीभाऊ?”

“तसं न्हाई. लोकायचं काय सांगावं? तू हाय म्हणून मी बिनघोर. जावईबापू यष्टीनं आले असतील, त्यायला घेऊन येतो.”

बद्रीनाथ गेला. त्याचा स्क्रू पिळायचा पेचकस मडगार्डवरच राहिला.

मच्छिंद्रनं इकडंतिकडं पाहिलं. ज्याला त्याला आपल्या गाडीची पडलेली. त्यानं पेचकस उचलला, स्क्रूला लावला आणि आत पिळला. बऱ्याच दिवसांनी छातीतली कळ सुटल्यासारखं वाटलं. पेचकस होता तिथं ठेवून त्यानं बोट पायजम्याला पुसलं.

जावई आला. कुंभार पिंपळगावचा धर्मराज, डोळ्यांवर काळा चष्मा. रामराम न करता थेट स्टिअरिंगवर बसला.

“मामा, टेप न्हाई व्हय हिला? सीटाबी बदलाव्या लागतील.”

“पाहू ना, जावईबापू.”

मच्छिंद्रनं दात आवळले. सासरा मिरवतो ते कमी, आता जावईही मिरवणार. मिरव लेका. थोडा वेळ.

आरटीओचे साहेब आले. इंजिनावरच्या नंबरावर कागद धरून त्यावर पेन्सिल घासली. आकडे उमटले, कागदपत्रांशी जुळले. मग नळीला मशीन लावून म्हणाले, “करा रेस.”

धर्मराजनं पाय दाबला. जीप भट्टीसारखा काळा धूर ओकली. मागं रांगेत उभ्या माणसांनी नाकाला रुमाल लावले.

“नापास,” साहेब म्हणाले. “दुरुस्त करून पुढच्या आठवड्यात आणा.”

धर्मराज खाली उतरला. सासऱ्याला बाजूला नेलं, तोंडाला येईल ते बोलला, त्याच्या नाकासमोर बोट नाचवलं आणि चहा न घेता चालता झाला. बद्रीनाथ मान खाली घालून ऐकत राहिला. मच्छिंद्रनं ते डोळे भरून पाहिलं.

रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसल्यावर मच्छिंद्रनं तोंड पाडलं. “नशीब, बद्रीभाऊ. जुन्या गाडीचं असंच ऱ्हातं.”

“दोन प्लेट भजे,” बद्रीनाथ ओरडला. “अन् जिलेबी आण, गरम.”

“जिलेबी? गाडी नापास झाली न् जिलेबी?”

“ऐक. धोंड्याच्या जेवणाला जावई ताटावरून उठल्ता. जीप पाहिजे म्हणला. माझी उषा रडून राह्यली. त्यानं माझा हात तिच्या डोक्यावर ठिवला अन् वदवून घेतलं, गाडी पास झाली की त्याची. अन् मी मागून काही खराबी करीन म्हणून वरून दुसरी शपथ, पास होऊस्तोर इंजिनाला बोट लावायचं न्हाई. ह्यो तमाशा व्हणार हे मला आधीच दिसत व्हतं, तुला काय तोंडानं बोलावणार व्हतो जेवायला?”

मच्छिंद्रची जिलेबी हातातच राहिली.

“आज पास झाली असती तर इथूनच कुंभार पिंपळगावला घेऊन जाणार व्हता. आता म्हणतो, असलं भंगार मला नको. बोटात अंगठी घाला, तुमच्या दोन्ही शपथा सुटल्या.”

म्हणजे गाव आजपासून पुन्हा अॅम्बॅसिडरचं झालं असतं. नवरदेव, बाळंतीण, पुढारी, सगळे. पाक मच्छिंद्रच्या मनगटावरून कोपराकडं ओघळत होता.

बद्रीनाथनं खिशातून पेचकस काढला आणि त्याच्या बशीशेजारी ठेवला.

“खा जल्दी अन् चल गाडीकडं. आता मी हात लावायला मोकळा हाय. पण स्क्रू किती फेरे आत गेलाय, ते तुलाच ठाऊक.”