पेपरवेट कुठला?

पद्मनाभनं पेपरवेटच्या बुडाचं हिरवं कापड ब्लेडनं सोडवायला घेतलं, तसा जयलक्ष्मींचा जीव वरखाली झाला.

"जपून हं. अप्पांनी स्वतः चिकटवलंय ते."

"बूड बघितल्याशिवाय काच कुठली ते सांगता यायचं नाही, अक्का."

जुन्या काचेच्या वस्तूंचा जाणकार म्हणून देशपांडे नगरात पद्मनाभचं नाव होतं. जयलक्ष्मींना खरं तर उत्तर ठाऊकच होतं. सत्तेचाळीस साली देश सोडून निघालेल्या इंग्रज साहेबानं तो आपल्या हेडक्लार्कला, म्हणजे त्यांच्या वडिलांना, बाळाचार्य अप्पांना, आठवण म्हणून दिला होता. आता लेक भार्गवी तो लंडनला घेऊन जाणार होती. तिला फक्त तो जिथं बनला त्या गावाचं नाव हवं होतं.

कापड निघालं. खाली कागदाचं पिवळं पडलेलं लेबल होतं. पद्मनाभनं भिंग धरलं.

"विलायती नाही हा. इटालीचा आहे, मुरानोचा. साठ सालच्या आसपासचा."

"शक्यच नाही. साहेब सत्तेचाळीसला गेला!"

"मग साहेबानं दिला नसणार," तो सहज बोलून गेला. भिंग जरा सरकवून म्हणाला, "हे बघा, लेबलाशेजारी काचेवरच पांढऱ्या रंगात लिहिलंय. कचेरी सामान नंबर सतरा, सन एकसष्ट."

जयलक्ष्मींनी भिंग ओढूनच घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग भिंग टेबलावर ठेवून खुर्चीत बसल्या.

बासष्ट साली अप्पांच्या कचेरीतला शिपाई परसू नोकरीवरून काढला गेला होता. तेव्हाच्या नव्या साहेबांच्या टेबलावरची काचेची वस्तू चोरली म्हणून. साक्ष अप्पांनीच दिली होती. कलघटगीच्या बाजारात हमाली करता करता परसू दोन वर्षांत खचून मेला, तेव्हा अप्पांनी त्याच्या बायकोला घरी कामाला ठेवलं. चोराच्या बायकोला घरात घेतलं, केवढं मोठं मन, असं सगळी गल्ली म्हणायची. जयलक्ष्मीही आजवर तेच सांगत आल्या होत्या.

"अक्का, काय झालं? पाणी आणू?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"दुर्गव्वा," त्या म्हणाल्या. "परसूची बायको. आधी कचेरी झाडायला तीच जायची. मग आमच्याकडं अठरा वर्षं होती. अप्पांचं टेबल रोज आवरायची. दौत, चष्म्याचं घर, फायली, सगळं उचलून पुसायची."

त्यांनी पद्मनाभच्या हातातल्या पेपरवेटकडं बोट केलं.

"याला मात्र तिनं कधी हात लावला नाही. म्हणायची, तेवढं तुम्हीच पुसा, अक्का."

त्यांनी आपले दोन्ही तळहात उलटे करून पाहिले.

"मी पुसायची. रोज."