नव्वद दिवसांचा पासवर्ड

सिस्टिमच्या लॉगमध्ये नोंद स्पष्ट होती. सोमवारी सदाशिव कुलथे यांचा पासवर्ड बदलला गेला होता. कुलथे जाऊन आठ महिने झाले होते. तरीही नव्वद दिवसांची मुदत संपण्याआधी तो बदलण्याची ही तिसरी वेळ होती. कॉम्प्युटर त्यांच्याच टेबलावरचा. अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या त्यांच्या पत्नी आता तिथे बसत.

“वहिनी, तुम्हीच बदलता ना?” ऑफिसची सिस्टिम सांभाळणाऱ्या शेटेने विचारलं.

“हो, भाऊजी. काम माझ्याच नावाने करते. सकाळी एकदाच त्यांचं लॉगिन उघडते. ‘नमस्कार, सदाशिव कुलथे’ असं येतं. घरी त्यांचं नाव घेणारं आता कोणी नाही.”

“ऑडिट आहे. बंद करावं लागेल.”

“करा.”

दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये त्या नावापुढे नवी ओळ होती: सकाळी ९.४७, प्रवेश नाकारला.