उद्याच्या उन्हाला जागा

मुलगा कामावर गेल्याचं पाहून द्वारकाबाईंनी नाकातली नळी काढली आणि ऑक्सिजनचं मशीन बंद केलं. दम लागला तरी चालेल, पण मीटर पळायला नको, असा त्यांचा खाक्या. ओठ निळे दिसले की सून प्रणिता ओरडायची. "बरं वाटतंय गं आता," म्हणून त्या उडवून लावायच्या.

गच्चीवर सोलर होतंच. यंदा प्रणिताने आपली भिशी उचलून जिन्याखाली कपाटाएवढी बॅटरी बसवून घेतली. दिवसाचं ऊन तिच्यात साठायचं आणि संध्याकाळी वीज महाग झाली की घर त्यावर चालायचं. बिल निम्म्यावर आलं, तरी द्वारकाबाईंचा हात बटणाकडे जायचाच.

एका संध्याकाळी त्यांनी नळी काढली, तोच प्रणिताने तो हात धरला. "आई, बॅटरी सकाळपर्यंत रिकामी झाली नाही, तर उद्याच्या उन्हाला जागा कुठे? फुकट जाणार ते."

कालची आमटी संपल्याशिवाय आजची फोडणी पडायची नाही, हा या घरातला नियम द्वारकाबाईंचाच. पोरीने तो बरोब्बर त्यांच्यावरच उलटवला होता. काय डोकं आहे हिचं! त्यांनी हसू दाबलं आणि नळी पुन्हा नाकाला लावली.

सकाळी प्रणिता आधी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस?" नळी न काढताच त्या म्हणाल्या. "जिन्याखाली बघ जा. थोडं उरलं असेल, तर मी बसलेय संपवायला."