मुलगा बघायला कान्हेरीला

"ऑस्टिनची टूर ना ही?" रत्नप्रभाने गाडीच्या दारातूनच विचारलं.

"हीच, मावशी. या, पुढे बसा, हादरे कमी लागतील." गळ्यात ओळखपत्राची रिकामी दोरी अडकवलेल्या तरुणाने तिची डब्याची पिशवी आधी आत घेतली, मग तिला हात दिला.

अंधेरी स्टेशनसमोर गाडी तिच्यासाठीच खोळंबली होती. बाकीच्यांच्या ओळखीपाळखी होऊन गेल्या होत्या. ती बसली आणि गाडी सुटली.

घरी तिने बोरिवलीला चुलतबहिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. नवरा गुणाजी वेसाव्याच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत होता. "सावकाश ये, घाई नको," एवढंच तो म्हणाला. नमिता, तिची मुलगी, खोलीतून बाहेरही आली नाही. मरोळ गावठाणातल्या ख्रिस्ती मुलाशी लग्न करीन म्हणाली त्या दिवशी रत्नप्रभाने घर डोक्यावर घेतलं होतं. फोटो दाखवायला पोरीने फोन पुढे केला, तर तिने तो पालथा घातला. "रविवारी लोकांना दगड दाखवत फिरतो. हा काय कामधंदा?"

तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद होतं. पण मनातलं कुतूहल काही बंद होईना. कसा असेल हा? शेवटी शेजारच्या शकुला हाताशी धरून तिने त्याच्या या टूरमध्ये गुपचूप जागा राखून ठेवली. उभा जन्म मासळी बाजारात गेलेला. समोरचं ताजं की शिळं, तिला बघताक्षणी कळायचं. दिवसभरात एक तरी खोट सापडेलच, ती घरी नेऊन आपटायची, असा बेत होता.

महाकालीच्या लेण्यांत तो सगळ्यांना एका गोल खोलीसमोर घेऊन गेला. "ही बघा, कातळातली झोपडी. खिडकीची जाळीसुद्धा दगडाचीच."

रत्नप्रभाने जाळीला डोळा लावला. आत काळोखात स्तूप बसला होता. इतकी वर्षं ती अंधेरीत मासळी विकत होती आणि हे असं काही जवळच असल्याचं तिच्या गावीही नव्हतं.

"कोरताना चुकलं तर?" तिने मुद्दामच विचारलं.

"चुकीसकट राहतं, मावशी. दगड परत भरता येत नाही."

उत्तर तिला आवडलं. आवडलं म्हणून रागही आला.

मंडपेश्वरच्या लेण्यांत तो एका कोरीव शिल्पासमोर थांबला. "हे शंकर-पार्वतीचं लग्न. पार्वतीच्या आईला जावई अजिबात पसंत नव्हता बरं का. अंगाला राख, गळ्यात साप. ती चक्कर येऊन पडली म्हणतात."

सगळे हसले. रत्नप्रभा चपापली. याला कळलं की काय आपण कोण ते? पण तो पुढे निघाला होता. बाहेरच्या भिंतीवर दगडात खोदलेला क्रूस होता. आता हा काय करतो, म्हणून ती टक लावून बघत राहिली. आत देवासमोर जोडले होते तसेच हात त्याने तिथेही जोडले. ना कमी, ना जास्त.

जेवायला नॅशनल पार्कात सगळे झाडाखाली बसले. रत्नप्रभाने तळलेल्या मांदेलीचा डबा त्याच्यापुढे सरकवला. तो जरा अडखळला, पण "मावशींनी केलंय" म्हणत त्याने एक उचललीच. मरोळचा पोरगा, पण काटा कसा ओढायचा ते काही त्याला जमेना. शिकवता येईल, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि आपल्या मनात हे काय आलं म्हणून तिने डबा झटकन बंद केला.

कान्हेरीच्या पायऱ्यांवर तिचा गुडघा धरला. त्याने बाकीच्यांना चैत्यगृहाकडे पाठवलं आणि तो तिच्याबरोबर पाण्याच्या टाक्यापाशी बसून राहिला. कातळातल्या पन्हळीतून पावसाचं पाणी या टाक्यांत कसं उतरतं, ते बोट फिरवून दाखवू लागला.

"एवढ्या भिक्षूंचं जेवण कोण करायचं रे?" तिने विचारलं.

"नक्की नाही ठाऊक. शोधून सांगतो."

ठोकून दिलं असतं तरी तिला काय कळणार होतं? पण त्याने ठोकून दिलं नाही.

"घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"आई आणि मी."

नमिताही असंच काहीसं म्हणाली होती. भांडणाच्या गलक्यात अर्धंमुर्धं कानावर पडलं होतं.

"आणि लग्नाचं काय?"

तो लाजला. "ते आईवर सोडलंय, मावशी."

कुठल्या आईवर, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. ज्या मुलाचं तोंड बघायचं नाही म्हणून पोरीला रडवलं, तो हा असा होता. तिचं पाणी संपलेलं पाहून तो बाटली घेऊन उठला. "आलोच भरून."

तो वळणाआड गेला तशी तिने फोन काढला. नमिताने उचलला.

"नमू, ऐक. मी हरले. तुझा ऑस्टिन पसंत आहे मला. सोन्यासारखा पोरगा आहे गं. मी उगाच तुला…" तिने पदराने नाक पुसलं. "लग्न कर. मी सांगते, कर."

पलीकडे हुंदका आला. मग हसू.

"पण आई, तू त्याला बघितलंस कुठे?"

"कुठे म्हणजे? सकाळपासून त्याच्याच तर टूरवर आहे. कान्हेरीला."

"काय बोलतेस तू? अगं, तू दिवसभर नाहीस म्हणून बाबांनी त्याला घरी बोलावलंय. आजची टूर त्याने मित्रावर सोपवलीय, सकाळपासून दोघं जाळं घेऊन बसलेत. थांब, देते."

वळणावरून तो पोरगा भरलेली बाटली घेऊन तिच्याकडेच येत होता. तिला बघून त्याने लांबूनच हात हलवला.

"नमस्कार आई," फोनमधून एक अनोळखी आवाज आला, "मी ऑस्टिन."