पुसट पाय

फोटोत नाचणारे सगळे पुसट आले होते आणि नुसते उभे राहिलेले सगळे ठळक.

हे राणीने मुद्दामच केलं होतं. काल जत्रेत धनगरांचा गजीचा नाच रंगात आल्यावर तिने कॅमेरा स्टँडवर लावला आणि शटर चांगलं सेकंदभर उघडं ठेवलं. रिंगणातल्या गड्यांचे पांढरे अंगे, गुलाबी पटके, हातातले रुमाल, सगळं पिंजलेल्या लोकरीसारखं एकमेकांत मिसळून गेलं. मागे देवळाच्या भिंतीला लागून बाया उभ्या होत्या, त्या मात्र जशाच्या तशा. सांगलीत कॉलेजच्या प्रदर्शनात हाच फोटो लावायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"ही कसली गं भुतं काढलीयास?" तिच्या वडिलांनी, ज्योतिबांनी, लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं. "माझं त्वांड कुठं हाय ह्यात?"

राणीने रिंगणातल्या एका पुसट पटक्यावर बोट ठेवलं, पण तोंडच दिसेना म्हटल्यावर त्यांचा फोटोतला रस संपला. ढोल देवळात ठेवायचा होता, तो खांद्याला अडकवून ते निघून गेले.

राणी फोटो मोठा करून कडेकडेने साफ करत बसली. कुठे प्लास्टिकची पिशवी, कुठे कुणाची उलटी पडलेली चप्पल. भिंतीजवळच्या भामाबाई आत्यापाशी आल्यावर ती थांबली. आत्याचं तोंड ठळक, दातात धरलेला पदर ठळक, आणि लुगड्याच्या काठाखाली पायच नव्हते. पायांच्या जागी नुसता फराटा होता. राणीला आधी आपलीच काहीतरी चूक वाटली. पण शेजारच्या बायांचे पाय जोडव्यांसकट जिथल्या तिथे होते.

"आत्या, हिकडं ये जरा. काल तू हलत हुतीस का गं?"

"मी? मी कशाला हलू? खांबागत हुबी हुते."

"मग ह्ये काय?"

आत्या जत्रेपुरती माहेरी आलेली, उद्या सकाळच्या एसटीने कडेगावला परत जायची. पिठाचे हात झटकत, दुखरे गुडघे सांभाळत ती बाजेवर येऊन टेकली आणि वाकून बघू लागली. बराच वेळ बघितलं. मग आपले पाय तिने हळूच लुगड्यात ओढून घेतले.

"पूस त्ये," ती म्हणाली. "कुणी बघितलं तर काय म्हणतील? बाया कवा नाचत्यात का गजीत?"

"पर तुला येतोय?"

"न यायला काय झालं? मेंढरामागं नाचायची की मी. रानात कोण असतंय बघायला? ढोल त्वांडानंच वाजवायचा." ती फोटोतल्या रिंगणाकडे बघू लागली. "पर एकदा तरी रिंगणात जावं, असं लय वाटायचं. अजून वाटतंय बघ. ढोल वाजला की पाय माझं ऐकत न्हाईत."

राणीला कसंसंच झालं. इतक्या जत्रा ही बाई आपल्या शेजारी उभी राहून गजी बघते आणि आपल्याला याचा पत्ताच नाही!

"मी घालते तुला रिंगणात," ती म्हणाली.

"कशी?"

"तू हितं अंगणात नाच. मी फोटो काढते, कापते आन् तिथं चिकटवते."

"चल, कायतरीच!"

आत्या असं म्हणाली खरी, पण तिने आधी दाराकडे बघितलं, मग दोरीवर वाळत असलेल्या भावाच्या अंग्याकडे. मग ती उठली आणि अंगणाच्या दाराला आतून कडी घातली.

उन्हं कलली होती. कालच्या फोटोतही हाच उजेड होता. आत्याने तो अंगा चढवला. राणीने तिच्या डोक्याला पटका कसाबसा गुंडाळला, एका हाताने पालथा डबा बडवायला घेतला आणि दुसरा हात कॅमेऱ्याच्या बटणावर ठेवला. पहिल्यांदा आत्या लाजून नुसतीच हसत राहिली. मग तिचं हसू थांबलं आणि पाय सुरू झाले. गिरकीसरशी अंग्याचा घेर असा फुलला की चुलीमागची कोंबडी ओरडत पळाली. दुखरे गुडघे कुठे गेले, देव जाणे!

अंगा पुन्हा दोरीवर गेला. राणीने आत्याला फोटोतल्या रिंगणात बसवलं, ज्योतिबांच्या शेजारी. तीही इतरांसारखीच पुसट.

"आत्या, तुझं त्वांड दिसंना. परत काढू? जरा हळू नाच, म्हंजी वळखू येशील."

"नगं. हळू कोण नाचतंय?" आत्याला धाप लागली होती, पण नजर फोटोवरून हलत नव्हती. "समद्यांसारखीच दिसतीया न्हवं? मग झालं."

कडी वाजली. राणीने दार उघडलं. दिवसाउजेडी कडी कशाला घातली म्हणून कुरकुरत ज्योतिबा आत आले आणि जाता जाता फोटोपाशी थबकले. त्यांनी बरोबर आत्यावर बोट ठेवलं.

"ह्यो माझ्या शेजारी कोण गं? लय झ्याक गिरकी घेतलीया गड्यानं."

राणीने ओठ दाबले.

"असंल कुणीतर," आत्या म्हणाली.

ज्योतिबा हातपाय धुवायला मागे गेले. राणी हळूच म्हणाली, "आत्या, आता भिंतीजवळची तू तेवढी काढून टाकते. एकाच फोटोत दोनदा कशी दिसशील?"

आत्याने तिचा हात धरला.

"नगं. ऱ्हाऊ दे तिला." भिंतीजवळच्या, पदर दातात धरून उभ्या असलेल्या बाईकडे ती बघत होती. "जल्मभर दुसऱ्यांचंच बघितलंय तिनं. आता माझं बघू दे."