उलटे आटे

"पाना सोड. तुझ्या मनगटाचं काम नाही हे," म्हणत बाबांनी ऋजुताला बाजूला सारलं आणि स्वतः सायकलपुढे बसले. पेडलचा दांडा ज्यात फिरतो, तो नवा बॉटम ब्रॅकेट फ्रेममध्ये बसत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिची जिल्ह्याची शर्यत होती.

"बाबा, उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. डावीकडे फिरवा."

"आयुष्य कारखान्यात गेलं माझं. आता तू मला आटे शिकव."

त्यांनी पान्याला पाइप लावला आणि उजवीकडेच जोर दिला. कडकन आवाज झाला. फ्रेमच्या आतले आटे सोलून निघाले, चकचकीत कीस फरशीवर सांडला.

"फ्रेमच भिकार आहे," बाबा फडक्याने हात पुसत म्हणाले. "आणि तू तरी कुठे जिंकणार होतीस?"

असं काही ऐकलं की लहानपणापासून तिला रडू यायचं. या वेळी आलं नाही. समोर हात पुसत बसलेला माणूस तिला पहिल्यांदाच नुसता अडाणी दिसला. तिने शाल्मलीला, तिच्या मैत्रिणीला, फोन करून तिची सायकल मागून घेतली.

ऋजुता शर्यतीत दुसरी आली. संध्याकाळी शेजारचे काका पेढे खायला आले, तेव्हा बाबा त्यांना सांगत होते, "सायकल मीच तयार करून दिली. पोरींना कुठे जमतं ते?"

"ती शाल्मलीची सायकल होती, काका," पेढ्यांचं ताट पुढे करत ऋजुता म्हणाली. "बाबांनी तयार केलेली जिन्याखाली पडली आहे. जाताना बघून जा."

काका खरंच बघायला गेले. बाबा पेढा हातात धरून तिथेच उभे राहिले.