प्रस्तावनेतल्या सौ.

"आभारांवर कुठे पीएचडीनंतरचं संशोधन होतं का?" निवड समितीचे अध्यक्ष गद्रे सर हसले. "एखादा थोर इतिहासकार घ्या. फेलोशिप तुमचीच."

मी चाळीस जुन्या इतिहासग्रंथांच्या प्रस्तावनांच्या झेरॉक्स टेबलावर ठेवल्या. प्रत्येकीच्या शेवटी थोड्याफार फरकाने तेच वाक्य होतं: मोडी कागद आमच्या सौ.ने वाचून दिले. आभार मानलेले तिला आवडणार नाहीत.

"सर, सगळ्यात वरची तुमची."

त्यांनी ती उलटी करून ठेवली. "घरची बाई मदत करतेच. त्यात कसला आलाय इतिहास?"

"दफ्तरखान्याची नोंदवही पाहिली मी. तुमच्या ग्रंथासाठी अकरा वर्षं कागद मागवले गेले, त्या सगळ्या नोंदींवर सह्या कुमुदिनी गद्रे यांच्या. तुमची एकही नाही."

सरांचा आवाज चढला. "विषय बदलणार की नाही?"

मी झेरॉक्स गोळा केल्या. त्यांची तेवढी तिथेच ठेवली.

"नाही. पहिलं प्रकरण लिहूनही झालं. काल तुम्ही इथे मुलाखती घेत होतात, तेव्हा तुमच्या घरी जाऊन कुमुदिनीबाईंना वाचून दाखवलं. आभार मानलेले आवडतील का, विचारलं. म्हणाल्या, आवडतील. पूर्ण नाव घाल."